एकशे पाच अक्षरांचं भाकीत

एच.आय.व्ही.चा संपूर्ण जनुकीय मजकूर सुमारे 9,700 अक्षरांचा आहे. माणसाच्या जनुकसंचात अशी 300 कोटींहून अधिक अक्षरं असतात. त्या मानाने हा विषाणू अगदी आटोपशीर: आर.एन.ए.चा एक धागा, त्यावर नऊ जनुकं. या नवांपैकी 'एन्व्ह' नावाच्या जनुकात सुमारे 105 अक्षरांचा एक तुकडा आहे. रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूचा तेवढा तुकडा वाचला, तर तो विषाणू माणसाच्या पेशीत कोणत्या वाटेने शिरेल, हे बऱ्याच अंशी सांगता येतं. विषाणू वाढवून पाहावा लागत नाही. अक्षरं आणि गणित, एवढ्यावर उत्तर मिळतं.

ते उत्तर अनेकदा बरोबर येतं आणि काही वेळा चुकतं. अक्षरांवरून वर्तन ओळखण्याची ही विद्या कशी उभी राहिली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चुकू शकणाऱ्या भाकिताच्या आधारे रुग्णाच्या औषधाचा निर्णय कसा घ्यायचा, हे समजून घ्यायचं आहे. आपल्या चुकीचं माप जे भाकीत स्वतःच देतं, तेच उपचारात कामाला येतं. एच.आय.व्ही.च्या संशोधकांना हे कळायला दोन दशकं लागली.

सीडी4 पुरेसं नव्हतं

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली हा विषाणू वेगळा केला. पुढच्याच वर्षी लंडन आणि पॅरिसमधल्या दोन गटांनी दाखवून दिलं, की तो पेशीवरच्या सीडी4 या प्रथिनाला चिकटतो. शरीराच्या संरक्षणाची सूत्रं सांभाळणाऱ्या टी-पेशींवर हे प्रथिन असतं. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीच्या तपासणीत 'सीडी4 काउंट' मोजतात, तो याच पेशींचा.

प्रश्न सुटला असं वाटत असतानाच 1986 मध्ये एका प्रयोगाने तो पुन्हा उभा केला. संशोधकांनी माणसाच्या सीडी4चं जनुक उंदराच्या पेशींत घातलं. पेशींवर सीडी4 आलं, विषाणू त्याला चिकटलाही. पण आत शिरला नाही. म्हणजे माणसाच्या पेशीवर आणखी काहीतरी होतं, जे उंदराच्या पेशीवर नव्हतं. ते काय, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली.

दरम्यान, रुग्णांच्या रक्तातून मिळवलेले विषाणू प्रयोगशाळेत दोन तऱ्हांनी वागताना दिसत होते. एमटी-2 नावाच्या टी-पेशींच्या वाणात काही विषाणू जोमाने वाढत आणि शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून मोठाले बहुकेंद्री गोळे तयार करत. बाकीचे विषाणू एमटी-2 पेशींना हातही लावत नसत. ते मॅक्रोफेज पेशींत मात्र वाढत. ॲमस्टरडॅममध्ये बाधित पुरुषांच्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांना या फरकाचा अर्थ उमगू लागला. संसर्गाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांमध्ये गोळे न करणारे विषाणू असत. पुढे एड्सकडे गेलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये गोळे करणारे विषाणू अवतरत आणि त्यानंतर सीडी4 पेशी अधिक वेगाने घसरत.

उलगडा व्हायला सुरुवात झाली 1995च्या डिसेंबरमध्ये. रॉबर्ट गॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रँटेस, एमआयपी-1 अल्फा आणि एमआयपी-1 बीटा ही शरीरातली तीन कीमोकाइन प्रथिनं एच.आय.व्ही.ला रोखतात. कीमोकाइन म्हणजे संरक्षक पेशींना सूज आलेल्या जागी बोलावून घेणारे रासायनिक निरोप. मे 1996 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एडवर्ड बर्जर यांच्या गटाने गोळे करणाऱ्या विषाणूंना लागणारं दुसरं प्रथिन शोधलं. त्यांनी त्याला 'फ्यूजिन' म्हटलं. आज ते सीएक्ससीआर4 या नावाने ओळखलं जातं. लगोलग जूनमध्ये पाच वेगवेगळ्या गटांनी सीसीआर5 हे दुसऱ्या तऱ्हेच्या विषाणूंचं प्रथिन असल्याचं जाहीर केलं. ते नेमकं गॅलो यांच्या तीन कीमोकाइनांचाच निरोप घेणारं प्रथिन निघालं. एमटी-2 पेशींचं कोडंही सुटलं: त्यांच्यावर सीएक्ससीआर4 असतं, सीसीआर5 नसतं.

या दोन प्रथिनांना सह-रिसेप्टर म्हणतात. 1998 पासून विषाणूंची नावंही त्यांच्यावरूनच पडली. सीसीआर5 वापरणारे आर5, सीएक्ससीआर4 वापरणारे एक्स4, आणि दोन्ही वापरू शकणारे आर5एक्स4.

सीसीआर5 किती निर्णायक आहे, याचा पुरावा 1996 सालीच माणसांत सापडला होता. वारंवार संपर्क येऊनही बाधित न झालेल्या काही व्यक्तींच्या सीसीआर5 जनुकात 32 अक्षरं गळालेली होती. आईकडून आणि वडिलांकडून अशी गळकी प्रत मिळाली, तर पेशीवर सीसीआर5 येतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे 1 टक्का लोकांमध्ये ही स्थिती आढळते. आफ्रिकेत आणि आशियात ती फार विरळा आहे.

पस्तीस अमिनो आम्लांचा लूप

विषाणूच्या पृष्ठभागावर जीपी120 या प्रथिनाचे तीन-तीन रेणू एकत्र येऊन टोकदार रचना तयार होते. तिच्या पायथ्याशी जीपी41 हे दुसरं प्रथिन दडलेलं असतं. जीपी120 सीडी4ला चिकटलं, की त्याची घडी बदलते आणि आतापर्यंत झाकलेला एक भाग पुढे येतो. त्याचं नाव 'व्ही-3 लूप'. 'व्ही' म्हणजे बदलतं राहणारं क्षेत्र; जीपी120मध्ये अशी पाच क्षेत्रं आहेत. पुढे आलेला लूप सह-रिसेप्टरमध्ये रुततो, मग जीपी41 उलगडून पेशीच्या पटलात घुसतं, पुन्हा दुमडताना विषाणूचं आणि पेशीचं पटल जवळ ओढतं आणि दोन्ही पटलं एक होतात. विषाणूचा जनुकीय मजकूर पेशीत उतरतो.

व्ही-3 लूप साधारण 35 अमिनो आम्लांचा असतो. दोन्ही टोकांना सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. त्या दोघांमधल्या गंधकाच्या बंधाने लूप मिटलेला राहतो. प्रत्येक अमिनो आम्लासाठी जनुकात तीन अक्षरं लागतात. 35 गुणिले 3 म्हणजे 105. सुरुवातीला म्हटलेली अक्षरं ती हीच.

सह-रिसेप्टरची निवड या लूपवर का अवलंबून असते, याचं बरंचसं उत्तर विद्युतभारात आहे. अमिनो आम्लांपैकी आर्जिनिन आणि लायसिन धनभारित असतात. ग्लुटामिक आणि ॲस्पार्टिक आम्लं ऋणभारित. सीएक्ससीआर4चा पेशीबाहेरचा भाग सीसीआर5च्या मानाने अधिक ऋणभारित आहे. त्याच्याशी जुळवून घेणाऱ्या लूपवर धनभार जास्त असणं स्वाभाविक आहे. अमेरिका आणि युरोपात पसरलेल्या बी उपप्रकाराचा नमुनेदार लूप घेतला आणि धनभारातून ऋणभार वजा केला, तर +3 उरतात. हा आर5 विषाणूंचा सर्वसाधारण नमुना. आता जगभरच्या प्रयोगशाळांत मोजपट्टी म्हणून वापरला जाणारा एचएक्सबी2 हा एक्स4 विषाणू घ्या. त्याच्या लूपमध्ये ऋणभारित अमिनो आम्ल एकही नाही आणि गोळाबेरीज +9 येते.

सगळी स्थानं सारख्या महत्त्वाची नसतात. 1992 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी गोळे करणाऱ्या आणि न करणाऱ्या विषाणूंचे लूप एकाखाली एक मांडले. 11व्या किंवा 25व्या स्थानी धनभारित अमिनो आम्ल असेल, तर विषाणू गोळे करणारा निघण्याची शक्यता फार वाढते, असं त्यांना दिसलं. हाच पुढे '11/25 नियम' म्हणून रूढ झाला. त्या वेळी सह-रिसेप्टरांचा शोधही लागलेला नव्हता. विषाणू कशावर रुततो हे माहीत नसताना, तो कोणत्या गटातला हे अक्षरांवरून सांगता येऊ लागलं होतं.

या दोन स्थानांवरचा बदल किती छोटा असतो, हे पाहण्यासारखं आहे. 11व्या स्थानी बहुधा सेरीन असतं. त्याचा संकेत ए-जी-यू. यातल्या शेवटच्या यूचा ए झाला, की आर्जिनिन येतं. 25व्या स्थानी बी उपप्रकारात बहुधा ग्लुटामिक आम्ल असतं, संकेत जी-ए-ए. पहिल्या जीचा ए झाला, की लायसिन येतं. दोन्हीकडे फक्त एकेक अक्षर. उपचार न घेणाऱ्या बाधित व्यक्तीच्या शरीरात रोज सुमारे 1,000 कोटी नवे विषाणूकण तयार होतात आणि आर.एन.ए.ची नक्कल करताना विषाणूचं एन्झाइम सरासरी दर दोन-तीन नकलांमागे एक चूक करतं. म्हणजे कोणताही एकअक्षरी बदल अशा शरीरात रोज कुठेतरी घडतच असतो.

असं असूनही एक्स4 विषाणू लगेच डोकं वर काढत नाहीत. बहुतेक रुग्णांत त्याला वर्षं लागतात, अनेकांत ते कधीच येत नाहीत. एका अक्षराच्या बदलाने काम भागत नाही, हे यामागचं एक कारण. प्रयोगशाळेत आर5पासून एक्स4पर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने करवला, तेव्हा मधल्या अवस्थेतले विषाणू दोन्हीकडे दुबळे ठरले. बदल अनेक लागतात आणि ते एकमेकांना पूरक असावे लागतात. भाकीत करणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोलाची सूचना होती: एकट्या स्थानाकडे पाहू नका, पूर्ण लूप वाचा.

औषध आलं आणि घाई झाली

हे सगळं काही काळ अभ्यासकांपुरतंच राहिलं. मग औषधकंपन्यांनी सीसीआर5वर लक्ष केंद्रित केलं. ज्यांच्याकडे हे प्रथिनच नाही अशी माणसं निरोगी जगतात. तेव्हा ते अडवलं तर फारसा अपाय होऊ नये, हा तर्क सरळ होता. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत 'मॅराविरॉक' तयार झालं आणि ऑगस्ट 2007 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एच.आय.व्ही.वरची बहुतेक औषधं विषाणूच्या एन्झाइमांना लक्ष्य करतात. मॅराविरॉक मात्र माणसाच्या स्वतःच्या प्रथिनात बसतं आणि त्याचा आकार असा धरून ठेवतं, की विषाणूला त्याचा उपयोग करता येत नाही.

यातून एक कडक अट आली. रुग्णाचा विषाणू सीसीआर5वरच अवलंबून असेल, तर औषध चालेल. रक्तात एक्स4 विषाणू असतील, तर ते दुसऱ्या वाटेने जात राहतील. त्यामुळे औषध लिहून देण्याआधी विषाणूची जात कळणं अनिवार्य झालं.

सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत यासाठी 'ट्रोफाइल' ही कसोटी वापरली गेली. कॅलिफोर्नियातल्या मोनोग्राम बायोसायन्सेस या कंपनीची ती होती. रुग्णाच्या रक्तातून एन्व्ह जनुक वेगळं काढायचं, ते वापरून एकदाच संसर्ग करू शकणारे कृत्रिम विषाणूकण घडवायचे आणि त्यांत प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज एन्झाइमचं जनुक ठेवायचं. मग दोन प्रकारच्या पेशी घ्यायच्या: एकीवर सीडी4 आणि सीसीआर5, दुसरीवर सीडी4 आणि सीएक्ससीआर4. ज्या पेशी उजळतील, तो सह-रिसेप्टर विषाणूने वापरला. कसोटी नेमकी होती, कारण ती विषाणूचं प्रत्यक्ष वर्तन पाहत होती. पण गोठवलेला रक्तद्रव दूर पाठवावा लागे, निकालाला आठवडे लागत, खर्च भरपूर होता आणि रक्तातला विषाणूभार प्रति मिलिलिटर 1,000 प्रतींपेक्षा कमी असेल तर ती करता येत नसे.

जनुकीय क्रम वाचण्याची सोय मात्र अनेक शहरांतल्या प्रयोगशाळांत आधीपासून होती, कारण औषधांना दाद न देणारे विषाणू ओळखायला ती रोज लागत होती. तिथल्या तिथे 105 अक्षरं वाचून उत्तर मिळालं, तर काम काही दिवसांवर येणार होतं. प्रश्न एवढाच होता, की ते उत्तर भरवशाचं आहे का?

नियमाकडून संभाव्यतेकडे

11/25 नियम पहिल्याच मोठ्या परीक्षेत अपुरा ठरला. 2007 मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या नमुन्यांवर तो ट्रोफाइलशी ताडून पाहिला, तेव्हा सीएक्ससीआर4 वापरणारे विषाणू असलेल्या रुग्णांपैकी केवळ 30 टक्क्यांच्या आसपास रुग्ण त्याने ओळखले. आर5ला आर5 म्हणण्यात तो सहसा चुकत नव्हता. पण ज्यांना औषध देऊ नये, अशा दहांपैकी सात जण त्याच्या हातून निसटत होते.

यापेक्षा बारकाईने वाचण्याचे दोन मार्ग तोवर तयार झाले होते. पहिला 2003 साली सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने आणला. ज्यांचं वर्तन प्रयोगाने माहीत आहे अशा विषाणूंचे लूप गोळा करायचे आणि प्रत्येक स्थानी प्रत्येक अमिनो आम्ल एक्स4मध्ये किती वेळा आणि आर5मध्ये किती वेळा दिसतं, हे मोजायचं. या दोन प्रमाणांच्या गुणोत्तरातून त्या स्थानाला गुण मिळतो. नव्या लूपच्या सगळ्या स्थानांचे गुण मिळवले, की तो कोणत्या बाजूला झुकतो ते कळतं. इथे 11वं आणि 25वं स्थान महत्त्वाचं राहतं, पण बाकीच्या तेहतीस स्थानांचं म्हणणंही ऐकलं जातं.

दुसरा मार्ग जर्मनीतल्या सारब्रुकेन इथल्या माक्स प्लांक संगणकशास्त्र संस्थेतून आला. थॉमस लेंगावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिनो-टू-फिनो' ही प्रणाली घडवली आणि ती जगभरच्या डॉक्टरांना मोकळेपणाने वापरायला दिली. सह-रिसेप्टरसाठीची तिची पद्धत 2007 मध्ये कॅनडातल्या रिचर्ड हॅरिगन यांच्या गटासोबत प्रसिद्ध झाली. यात प्रत्येक लूपचं आकड्यांच्या लांबलचक यादीत रूपांतर होतं: अमुक स्थानी अमुक अमिनो आम्ल आहे का, असेल तर 1, नसेल तर 0. म्हणजे प्रत्येक लूप हा शेकडो मिती असलेल्या अवकाशातला एक बिंदू होतो. 'सपोर्ट व्हेक्टर मशीन' ही गणिती पद्धत त्या अवकाशात अशी सीमा शोधते, जिच्या एका बाजूला जास्तीत जास्त आर5 आणि दुसऱ्या बाजूला जास्तीत जास्त एक्स4 राहतील आणि दोन्ही बाजूंना शक्य तितकं अंतर मोकळं राहील. नवा लूप सीमेच्या कोणत्या बाजूला पडला आणि किती दूर, हे ती सांगते.

'किती दूर' हा भाग खरा कळीचा आहे. सीमेपासून लांब पडलेल्या लूपबद्दल निश्चिंत राहता येतं. सीमेला खेटून पडलेल्याबद्दल राहता येत नाही. नुसतं 'आर5' किंवा 'एक्स4' असं छापलं, तर हा फरक पुसला जातो.

चूक कोणत्या बाजूची परवडेल

म्हणून जिनो-टू-फिनो निकालासोबत एक टक्केवारी देते: या लूपला एक्स4 म्हणण्याइतकी सीमा सरकवली, तर खऱ्या आर5 विषाणूंपैकी किती टक्के चुकून एक्स4 ठरतील. टक्केवारी लहान असेल, तर लूप एक्स4 असण्याची चिन्हं ठळक आहेत. मोठी असेल, तर तो आर5सारखा आहे. डॉक्टरने उंबरठा ठरवायचा: आकडा त्याच्या खाली असेल तर मॅराविरॉक नको, वर असेल तर चालेल.

समजा, एका रुग्णाचा आकडा 8 टक्के आला. उंबरठा 10 टक्क्यांवर असेल, तर त्याला औषध मिळणार नाही. तो 5 टक्क्यांवर असेल, तर मिळेल. रक्त तेच, अक्षरं तीच, गणितही तेच. बदलला तो फक्त मान्य केलेल्या चुकीचा आकार.

20 टक्क्यांचा उंबरठा ठेवला, तर 100 खऱ्या आर5 रुग्णांपैकी 20 जणांना उपयोगी औषध विनाकारण नाकारलं जाईल. पण एक्स4 असलेले फार थोडे हातून निसटतील. 5 टक्क्यांवर ठेवला, तर औषध विनाकारण नाकारलं जाणारे 5 उरतील. मात्र एक्स4 असलेले जास्त रुग्ण निसटतील आणि त्यांच्यावर अर्धवट उपचार होईल. अर्धवट उपचारात विषाणू वाढत राहतो आणि सोबतच्या इतर औषधांनाही दाद न देणारे प्रकार निवडले जातात. दोन्ही चुकांत नुकसान आहे, पण ते वेगवेगळ्या माणसांचं आहे. हातात अनेक औषधं शिल्लक असलेल्या नव्या रुग्णाला मॅराविरॉक नाकारलं तर फारसं बिघडत नाही. त्याच्यासाठी उंबरठा कडक ठेवावा. ज्याची बहुतेक औषधं निकामी झाली आहेत, त्याला उरलेली एक वाटही बंद करणं जास्त महाग पडू शकतं.

गणित इथवरच येऊ शकतं. कोणती चूक परवडेल, हे आकड्यांतून निघत नाही. ते रुग्णाच्या परिस्थितीतून निघतं आणि माणसालाच ठरवावं लागतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये शिफारशी केल्या, तेव्हा एकाच नमुन्याची तीनदा तपासणी करून 10 टक्क्यांचा उंबरठा वापरावा, असं सुचवलं. मॅराविरॉकच्या मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे तपासून 5.75 टक्क्यांचा उंबरठाही काढला गेला. दोन आकडे वेगळे असले, तरी त्यांतला एक खोटा ठरत नाही. दोन्हींनी आपापली चूक उघड मांडली आहे.

थोडक्यांचा प्रश्न

आणखी एक अडचण लूपमध्ये नव्हती, रक्तात होती. एका रुग्णात एकच विषाणू नसतो. एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे असे असंख्य विषाणू असतात. क्रम वाचण्याची जुनी सँगर पद्धत त्या सगळ्यांची सरासरी वाचते. एखादा प्रकार साधारण 20 टक्क्यांहून कमी असेल, तर तो तिच्या नजरेतून सुटतो. औषधाला मात्र तो सुटत नाही. मॅराविरॉक घेऊन अपयश आलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत सीएक्ससीआर4 वापरणारे विषाणू वर आले. त्यांतले बहुतेक औषधामुळे नव्याने घडलेले नव्हते. आधीपासून थोड्या संख्येने तिथेच होते.

'मेरिट' या चाचणीत याचा परिणाम ठळक दिसला. आधी औषधं न घेतलेल्या रुग्णांमध्ये मॅराविरॉकची तुलना एफाविरेन्झशी केली होती आणि मुख्य निकषावर मॅराविरॉक थोडं मागे पडलं. नंतर अधिक संवेदनशील ट्रोफाइलने तेच जुने नमुने तपासले, तेव्हा सुमारे 15 टक्के रुग्णांत एक्स4 विषाणू आधीपासूनच होते, असं निघालं. ते वगळल्यावर दोन्ही औषधांची कामगिरी सारखी झाली. औषध कमी पडलेलं नव्हतं, रुग्णांची निवड कमी पडली होती. पुढे एकेका विषाणूचा लूप हजारोंनी वाचणारं सखोल क्रमवाचन आलं, तेव्हा हीच निवड अक्षरांवरून करता येऊ लागली.

बर्लिन आणि एसेन

या भाकिताची सर्वांत मोठी परीक्षा जर्मनीतल्या दोन रुग्णांत झाली. टिमोथी रे ब्राउन यांना एच.आय.व्ही.सोबत रक्ताचा कर्करोग होता. 2007 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेरो हुटर आणि सहकाऱ्यांनी त्यांना मूळपेशींचं प्रत्यारोपण केलं. त्यासाठी सीसीआर5ची दोन्ही गळकी जनुकं असलेला दाता शोधला होता. ब्राउन यांनी एच.आय.व्ही.ची औषधं थांबवली आणि विषाणू परतला नाही. एच.आय.व्ही.तून बरे झालेले ते पहिले रुग्ण. 2020 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं, तोवर विषाणू परतलेला नव्हता.

पण त्यांच्या प्रत्यारोपणाआधीच्या नमुन्याचं सखोल वाचन केलं, तेव्हा 2.9 टक्के विषाणू एक्स4 असल्याचं भाकीत आलं होतं. सीसीआर5 नसलेल्या पेशींत हे विषाणू वाढायला हवे होते. ते का वाढले नाहीत, हे पुढे प्रयोगशाळेत तपासलं गेलं. त्या लूपचे विषाणू तयार करून पाहिले, तेव्हा तेही सीसीआर5वरच अवलंबून असल्याचं निघालं. भाकीत खोटं ठरलं होतं.

एसेनमध्ये उलट घडलं. तिथल्या एका रुग्णाला लिम्फोमा होता; त्यालाही असाच दाता मिळाला आणि प्रत्यारोपणाच्या सुमारास एच.आय.व्ही.ची औषधं थांबवली गेली. काही आठवड्यांतच विषाणू परतला, आणि तो एक्स4 होता. प्रत्यारोपणाआधीच्या नमुन्यांत त्याच जातीचे विषाणू अल्प प्रमाणात होते, असं अक्षरांवरून दिसून आलं. 2014 मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. इथे भाकीत खरं ठरलं.

दोन्ही रुग्णांत एक्स4चं प्रमाण थोडंच होतं. एकाबाबतीत अक्षरांनी चुकीचा इशारा दिला, दुसऱ्याबाबतीत बरोबर. लूप हा निवडीचा मोठा भाग आहे, पूर्ण भाग नाही. जीपी120चे इतर भाग आणि जीपी41देखील तिच्यात वाटा उचलतात. जिथे निर्णय परतवता येणार नाही, तिथे अक्षरांच्या जोडीला प्रत्यक्ष पेशींवरची कसोटी का हवी, ते या दोन हकीकतींतून समजतं.

कोणाच्या विषाणूंवरून शिकलेलं गणित?

आता आपल्याकडे वळू. राष्ट्रीय अंदाजानुसार 2021 मध्ये भारतात सुमारे 24 लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या आणि त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे 3.94 लाख, महाराष्ट्रात होत्या. देशातले बहुतांश संसर्ग सी उपप्रकाराचे आहेत. जगातल्याही जवळजवळ निम्म्या संसर्गांत हाच उपप्रकार आढळतो.

भाकिताच्या पद्धती मात्र मुख्यतः बी उपप्रकारावर शिकल्या, कारण वर्तन माहीत असलेले लूप प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णांचे होते. सी उपप्रकार वेगळा वागतो. आजार वाढल्यानंतरही त्यात एक्स4 विषाणू बीच्या तुलनेत कमी दिसतात. जे दिसतात, त्यांच्या लूपमध्ये टोकाजवळ एक-दोन अमिनो आम्लं जादा शिरलेली अनेकदा आढळतात. बीवर शिकलेलं गणित अशा लूपसमोर अडखळू शकतं. हे ओळखून सिॲटलच्या गटाने 2006 मध्ये सी उपप्रकारासाठी गुणांची वेगळी सारणी तयार केली. पण सारणी जितक्या नमुन्यांवर उभी, तितकीच ती पक्की.

पुण्यात भोसरीला 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि देशातल्या विषाणूंचे जनुकीय क्रम वाचण्याचं काम इथल्या प्रयोगशाळांना नवं नाही. आज भारतातल्या सरकारी उपचारांचा पाया डोल्यूटेग्रॅव्हिरवर आहे आणि त्या औषधाला विषाणू कोणता सह-रिसेप्टर वापरतो याने फरक पडत नाही. मॅराविरॉकचा वापर जगभरातच मर्यादित झाला आहे. तरीही हा अभ्यास सोडून देण्यासारखा नाही. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या व्यापक प्रतिपिंडांची उपचारासाठी चाचणी चालू आहे. त्यांतलं कोणतं प्रतिपिंड कोणत्या रुग्णाला लागू पडेल, हे ओळखण्याचा एक मार्ग पुन्हा एन्व्हच्या अक्षरांतूनच जातो. सीसीआर5 काढून टाकलेल्या पेशी रुग्णाला देण्याचे जनुकीय उपचारही त्याच प्रश्नाशी येऊन थांबतात: रक्तात एक्स4 विषाणू किती आहेत?

त्या वेळी आपल्या रुग्णांबद्दलचं उत्तर आपल्या रुग्णांच्या विषाणूंवरून मिळायला हवं. त्यासाठी केवळ क्रम साठवून भागणार नाही. प्रत्येक क्रमाशेजारी तो विषाणू पेशींवर प्रत्यक्षात कसा वागला, याची नोंद लागेल, कारण गणिताला शिकवते ती हीच जोडी. अशा जोड्या महाराष्ट्रातून आणि देशभरातून जमा झाल्या, तर सी उपप्रकारासाठीचा उंबरठा आपल्या माहितीवर ठरवता येईल आणि निकालाशेजारचा चुकीचा आकडा आपल्या रुग्णांसाठीही खरा असेल. मग डॉक्टर तो आकडा रुग्णाला मोकळेपणाने सांगू शकेल, आणि दोघं मिळून ठरवू शकतील की कोणती जोखीम पत्करायची.